न मागितलेल्या सेवांचे पैसे मोबाइल बिलात लागले तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइलच्या बिलात ‘मूल्यवर्धित सेवा’ म्हणून लागलेले तीस, पन्नास किंवा नव्व्याण्णव रुपये बहुतेक लोक सोडून देतात. रक्कम मुद्दाम एवढी लहान ठेवलेली असते की तिच्यासाठी घालवावा लागणारा वेळ तिच्यापेक्षा महाग वाटावा, आणि हा व्यवहार त्याच भरवशावर चालतो. गेली काही वर्षे नात्यातल्या आणि शेजारच्या लोकांना अशा तक्रारी लिहून देताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ती भारतातील जोडण्यांना लागू आहेत. पहिल्या प्रश्नापूर्वीच एक गोष्ट नोंदवतो, कारण पुढचे बरेचसे तिच्यावर उभे आहे. सेवा घेतली नव्हती हे ग्राहकाने सिद्ध करायचे नसते. ग्राहकाची स्पष्ट संमती होती, हे कंपनीने दाखवायचे असते.

मूल्यवर्धित सेवा म्हणजे काय, आणि ‘प्रीमियम’ संदेश कशाला म्हणतात?

बोलणे, साधा संदेश आणि इंटरनेट यांपलीकडे मोबाइल कंपनीमार्फत पैसे घेऊन जे दिले जाते, ते मूल्यवर्धित सेवेत मोडते. कॉलर ट्यून, राशिभविष्य, क्रिकेटचे ताजे धावफलक, भक्तिगीते, विनोद, खेळ, व्हिडिओ, स्पर्धा असे तिचे अनेक प्रकार आहेत. यांतील बहुतेक सेवा मोबाइल कंपनी स्वतः तयार करत नाही. मजकूर दुसऱ्याच कंपनीचा असतो, वसुली तुमच्या बिलातून किंवा शिलकीतून होते आणि पैसे त्यांच्यात वाटले जातात. ‘प्रीमियम’ संदेश म्हणजे नेहमीच्या दरापेक्षा जास्त पैसे लागणारा संदेश. तो बहुधा पाच अंकी आणि ५ पासून सुरू होणाऱ्या क्रमांकावर पाठवला जातो. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांना मते पाठवण्याच्या दिवसांत लोकांनी एकेका संदेशाला तीन-तीन रुपये मोजले, ते याच मार्गाने.

बिलात हा आकार कोणत्या नावाने दिसेल याचा नेम नसतो. ‘व्हॅस’, ‘कंटेंट’, ‘सबस्क्रिप्शन’, ‘प्रीमियम एसएमएस’ किंवा ‘इतर आकार’ यांपैकी एखादे नाव दिसले आणि त्यासमोर शून्याखेरीज दुसरा आकडा असेल, तर थांबून ती ओळ वाचावी.

मी काहीच मागितले नव्हते. मग सेवा सुरू झालीच कशी?

याचे चार-पाच ठरलेले रस्ते आहेत. तुमच्या बाबतीत कोणता वापरला गेला हे कळले की तक्रार अर्धी सुटते, म्हणून हे उत्तर थोडे लांबवतो.

पहिला रस्ता ध्वनिमुद्रित फोनचा आहे. फोन उचलला की गाणे किंवा जाहिरात सुरू होते आणि मध्येच ‘एक दाबा’ असे सांगितले जाते. ऐकणारी व्यक्ती वयस्कर असेल तर फोन बंद करण्याच्या गडबडीत कोणतेही बटण दाबले जाते. दुसऱ्याची कॉलर ट्यून ऐकताना ‘ही धून आपल्यासाठी घ्यायची असल्यास स्टार दाबा’ ही सूचनाही याच जातीची आहे. दुसरा रस्ता पडद्यावर अचानक उमटणाऱ्या संदेशाचा. तो संदेशांच्या यादीत दिसत नाही, सिमकार्डातील यंत्रणेमार्फत सरळ पडद्यावर येतो आणि त्याखाली ‘ओके’ असते. खिशातल्या फोनवर किंवा लहान मुलाच्या हातात ते ‘ओके’ सहज दाबले जाते.

तिसरा रस्ता मोबाइल इंटरनेटचा आहे, आणि तो लोकांना सर्वांत कमी माहीत असतो. सिमकार्डाच्या डेटावरून एखादे पान उघडले असता मोबाइल कंपनीचे जाळे तुमचा नंबर त्या सेवेच्या पानापर्यंत पोचवू शकते. त्यामुळे तुम्ही नंबर कुठेही टाइप केलेला नसताना एका टिचकीवर सेवा तुमच्या नावावर चढू शकते. लोक म्हणतात, ‘मी माझा नंबर कुणालाच दिला नाही,’ आणि ते खरेच बोलत असतात. घरच्या वायफायवर ही ओळख अशी होत नाही, त्यामुळे त्या वेळी फोन कशाला जोडलेला होता, हा तक्रारीत महत्त्वाचा मुद्दा ठरतो.

उरलेल्या रस्त्यांत टेलिकॉलरने संभाषणातल्या ‘हो, हो’ला होकार धरणे येते, आणि फोनमधल्या एखाद्या ॲपने परस्पर संदेश पाठवणेही येते. ॲपचा प्रश्न वेगळा असल्याने त्याचे उत्तर पुढे दिले आहे.

याविषयी नियम काय आहे?

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ४ जुलै २०११ आणि १० जुलै २०१३ रोजी याविषयी कंपन्यांना निर्देश दिले. दुसऱ्या निर्देशाने दुहेरी संमती बंधनकारक केली. ग्राहकाने सेवा मागितल्याची पहिली खूण पुरेशी नसते. त्यानंतर सेवेचे नाव, आकार आणि मुदत सांगून त्रयस्थ संमती-यंत्रणेमार्फत दुसऱ्यांदा होकार घ्यावा लागतो, आणि तो आला नाही तर सेवा सुरू करता येत नाही. सेवा सुरू झाल्यावर तिचा आकार, मुदत आणि बंद करण्याची पद्धत संदेशाने कळवावी लागते. नूतनीकरण आपोआप होणार असेल तर त्याआधीही सूचना द्यावी लागते.

चुकून एक बटण दाबले गेले, ही गोष्ट ग्राहकाने कबूल केली तरी तेवढ्याने संमती पूर्ण होत नाही. अनेक लोक ‘माझ्याच हातून दाबले गेले असेल’ असे म्हणून तक्रार करत नाहीत. तसे मानण्याचे कारण नाही. दोनदा होकार घेण्याचा नियम झाला तोच मुळी एकदा चुकणाऱ्या हातासाठी.

पैसे गेल्याचे लक्षात आल्यावर सर्वप्रथम काय करावे?

१५५२२३ या निःशुल्क क्रमांकावर फोन करावा किंवा ‘स्टॉप’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून त्याच क्रमांकावर संदेश पाठवावा. मूल्यवर्धित सेवा बंद करण्यासाठी हा क्रमांक सर्व कंपन्यांसाठी समान ठेवलेला आहे. तुमच्या नंबरवर कोणत्या सेवा चालू आहेत ते तेथे कळते आणि त्या बंद करता येतात. संमतीशिवाय सुरू झालेल्या सेवेविषयी २४ तासांच्या आत येथे कळवले तर सेवा बंद होऊन कापलेली रक्कम परत मिळते, त्यामुळे या कामाला रात्रीचे अकरा वाजले म्हणून उद्यावर ढकलू नये.

सेवा बंद करण्यापूर्वी मात्र दोन मिनिटे थांबून पुरावा जपावा. पैसे कापल्याचा संदेश, सेवा सुरू झाल्याचा संदेश, शिल्लक दाखवणारा पडदा आणि कंपनीच्या ॲपमध्ये दिसणारी चालू सेवांची यादी, या सगळ्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. सेवा बंद झाली की ॲपमधली नोंद दिसेनाशी होऊ शकते, आणि मग केंद्रावरचा माणूस ‘तुमच्या नंबरवर अशी कोणतीही सेवा नाही’ असे सांगतो. त्या क्षणी ते खरेही असते, पण तक्रार कालच्या कपातीची असते.

माझे चोवीस तास केव्हाच उलटून गेले आहेत. आता हक्क गेला का?

नाही. चोवीस तासांची तरतूद तत्काळ परताव्यासाठी आहे. संमती नसताना घेतलेला पैसा पंचविसाव्या तासाला कायदेशीर होत नाही. फरक इतकाच की आता फोनवर काम भागणार नाही, रीतसर तक्रार नोंदवावी लागेल. माझ्या आत्याच्या साध्या फोनवरून अनेक महिने भक्तिगीतांच्या सेवेचे पैसे जात होते. तिला वाटायचे, रिचार्जच महाग झाला. ती बटणे ओळखते, अक्षरे नाही. कंपनीने आधी फक्त शेवटच्या महिन्याचे पैसे द्यायची तयारी दाखवली. आम्ही पहिल्या दिवसाच्या संमतीची नोंद लेखी मागितली, ती आली नाही, आणि अपिलानंतर सगळी रक्कम परत झाली. रक्कम फार नव्हती, पण ती तिच्या भाजी विकून आलेल्या पैशांतली होती.

‘संमती तुमच्याच फोनवरून आली आहे’ असे उत्तर मिळाले. त्यावर काय म्हणावे?

हे सर्वांत जास्त वेळा मिळणारे उत्तर आहे आणि बहुतेक तक्रारी येथेच मरतात, कारण ते उत्तर अंतिम असल्यासारख्या आवाजात दिले जाते. प्रत्यक्षात तो कंपनीचा दावा असतो, आणि दाव्याला नोंद लागते. अशा वेळी वाद घालू नये. शांतपणे पुढील माहिती मागावी आणि ती लेखी द्यावी असे म्हणावे: सेवेचे पूर्ण नाव आणि ती पुरवणाऱ्या कंपनीचे नाव, सेवा सुरू झाल्याची तारीख आणि मिनिटापर्यंतची वेळ, संमती कोणत्या मार्गाने आली, म्हणजे संदेशाने, ध्वनिमुद्रित फोनवरून, इंटरनेटच्या पानावरून की टेलिकॉलरमार्फत, पहिली आणि दुसरी संमती यांच्या वेगवेगळ्या नोंदी, आणि सेवा सुरू झाल्यावर ग्राहकाला पाठवलेला संदेश.

या माहितीत तारीख आणि वेळ सर्वांत उपयोगी पडते. एका शेजाऱ्यांच्या बाबतीत कंपनीने सांगितलेली संमतीची वेळ पहाटे तीनची होती. दुसऱ्या एका प्रकरणात मुलगी परीक्षेच्या सभागृहात होती आणि फोन बाहेर बंद करून ठेवलेला होता. अशी विसंगती दिसली की ती एका वाक्यात लिहून पाठवावी, त्यापुढे समजावत बसू नये. संमती इंटरनेटच्या पानावरून आल्याचे सांगितले गेले आणि त्या वेळी तुमचा मोबाइल डेटा बंद होता, तर त्या दिवसाचा डेटा-वापर मागावा. दोन संमतींमध्ये एक-दोन सेकंदांचेच अंतर असेल तर त्याकडेही बोट दाखवावे, कारण सेवेचे नाव, दर आणि मुदत वाचायला माणसाला त्याहून अधिक वेळ लागतो.

नोंद ‘गोपनीय’ असल्याचे सांगितले गेले तरी मागणी सोडू नये. ती तुमच्याच संमतीची नोंद आहे. ती तुमच्यापासून गुप्त ठेवण्याला अर्थ नाही, आणि पुढे अपिलात ‘नोंद मागूनही दिली नाही’ हे वाक्य तुमच्या बाजूने पडते.

प्रीपेड नंबरला बिलच नसते. मग कापलेल्या पैशांचा हिशेब कुठून मिळवायचा?

ट्रायच्या २०१२ च्या ग्राहक संरक्षण विनियमांनुसार प्रीपेड ग्राहकालाही आपल्या वापराचा तपशीलवार हिशेब मागता येतो. फोन, संदेश, डेटा आणि मूल्यवर्धित सेवा यांची कपात त्यात दाखवावी लागते. मागील सहा महिन्यांपर्यंतचा हिशेब मागता येतो, त्यासाठी ५० रुपयांपेक्षा जास्त आकार घेता येत नाही आणि तो ३० दिवसांत द्यावा लागतो. हा हक्क असूनही दुकानांतल्या काउंटरवर पुष्कळदा ‘प्रीपेडला हिशेब मिळत नाही’ असे सांगतात. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अमर्याद बोलण्याच्या पॅकमध्ये मुख्य शिलकीत बहुधा काहीच नसते, त्यामुळे चालू असलेली सेवा कित्येक आठवडे शांत राहते. मग परदेशी फोन करण्यासाठी म्हणून कुणी दहा-वीस रुपयांचा टॉपअप मारतो आणि तो हातात येण्याआधीच गायब होतो. टॉपअप मारताच शिल्लक घटत असेल तर दुकानदाराला दोष देण्याआधी चालू सेवांची यादी पाहावी.

तक्रार कुठे आणि कशी नोंदवायची?

कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करावा, ॲपवर लिहावे किंवा ईमेल पाठवावा. मार्ग कोणताही असो, तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय संभाषण संपवू नये. प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र क्रमांक देणे आणि तो ग्राहकाला कळवणे २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनी बंधनकारक केले आहे. ‘तुमची नोंद घेतली आहे’ हे वाक्य म्हणजे क्रमांक नव्हे. काही वेळा तक्रारीऐवजी ‘विनंती’ नोंदवली जाते आणि सेवा बंद केली की ती विनंती पूर्ण झाल्याचे दाखवले जाते. त्यामुळे ‘ही सेवा बंद करण्याची विनंती नाही, संमतीशिवाय रक्कम कापल्याची तक्रार आहे’ असे पहिल्याच वाक्यात म्हणावे.

लेखी तक्रारीचा मजकूर फार मोठा नसावा. मी साधारण असा लिहून देतो: ‘माझ्या अमुक क्रमांकावरून अमुक तारखेला अमुक सेवेपोटी इतके रुपये, करांसह, कापण्यात आले. ही सेवा मी मागितलेली नाही आणि तिला मी कोणत्याही प्रकारे संमती दिलेली नाही. ट्रायच्या १० जुलै २०१३ च्या निर्देशानुसार आवश्यक असलेल्या दोन्ही संमतींच्या नोंदी, मार्ग व वेळेसह, मला द्याव्यात. त्या उपलब्ध नसल्यास सेवा सुरू झाल्यापासून कापलेली संपूर्ण रक्कम करांसह परत करावी आणि माझ्या क्रमांकावर यापुढे कोणतीही मूल्यवर्धित सेवा सुरू होणार नाही अशी व्यवस्था करावी.’ खाली नाव, पत्ता, तारीख आणि जोडलेल्या छायाचित्रांची यादी द्यावी. रागाची विशेषणे घालू नयेत. ती योग्य असली तरी वाचणाऱ्याला मूळ मागणीपासून दूर नेतात.

कराचा उल्लेख विसरू नये. सेवेच्या आकारावर वस्तू व सेवा कर लागलेला असतो आणि परतावा देताना पुष्कळदा फक्त मूळ आकार जमा केला जातो.

तक्रार मराठीत केली तर चालते का?

चालते. मराठीतच करावी, विशेषतः नंबर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावावर असेल तेव्हा. त्यांच्या शब्दांत सांगितलेली हकीकत अधिक नेमकी उतरते. ईमेलमध्ये मात्र तारीख, रक्कम, सेवेचे नाव आणि निर्देशाचा दिनांक बिलात दिसतात तसेच लिहावेत.

पोस्टपेड बिलावर वाद आहे. तोवर बिल भरावे की थांबवावे?

संपूर्ण बिल थांबवणे मला धोक्याचे वाटते. तक्रारीचा निर्णय लागायला काही आठवडे जातात, त्या काळात जोडणी तोडली जाऊ शकते आणि नंबर बँकेला व आधारला जोडलेला असल्याने त्रास ग्राहकालाच होतो. मुदतीपूर्वी लेखी तक्रार करून, वादग्रस्त रक्कम सोडून उरलेले बिल भरतो असे कळवावे, आणि ती रक्कम निर्णय होईपर्यंत स्थगित ठेवण्याची मागणी करावी. कंपनी ऐकत नसेल आणि जोडणी तुटण्याची भीती असेल तर ‘हरकत राखून भरत आहे’ असे ईमेलने कळवून पूर्ण भरावे. अशा शब्दांनी भरलेली रक्कम म्हणजे आकार मान्य केला असा अर्थ होत नाही.

बिल बँकेतून आपोआप वळते होत असेल तर दर महिन्याला पैसे जाण्याआधी बिलाचे दुसरे पान उघडून पाहायची सवय लावावी. न वाचलेल्या बिलांतच असे आकार वर्षानुवर्षे टिकतात.

कंपनीने तक्रार फेटाळली किंवा उत्तरच दिले नाही. पुढे काय?

प्रत्येक कंपनीत अपील प्राधिकरण असते. तक्रारीचा निर्णय मिळाल्यापासून, किंवा निर्णयाची मुदत उलटल्यापासून, ३० दिवसांच्या आत तेथे अपील करता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि अपील ईमेलने, टपालाने किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून पाठवता येते. प्राधिकरणाला सल्ला देणाऱ्या समितीत ट्रायकडे नोंदलेल्या ग्राहक संघटनेचा एक प्रतिनिधी असतो. निर्णय ३९ दिवसांत देणे अपेक्षित आहे.

अपील प्राधिकरण कंपनीचेच असल्याने लोक या पायरीकडे तुच्छतेने पाहतात आणि ती गाळतात. मी तसे करू नका असे सांगेन. केंद्रावरच्या माणसाकडे संमतीच्या नोंदी उघडून पाहण्याचा अधिकार बहुधा नसतो. अपिलाच्या पातळीवर फाइल कुणीतरी खरोखर उघडते, आणि नोंद नाही असे दिसले की रक्कम परत करणे कंपनीलाही सोपे पडते. माझ्या पाहण्यातली बहुतेक प्रकरणे येथेच मिटली.

थेट ट्रायकडे तक्रार केली तर?

ट्राय नियम करते आणि त्यांच्या पालनावर लक्ष ठेवते, पण एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही. तेथे पाठवलेली तक्रार कंपनीकडेच वळवली जाते. सरकारच्या केंद्रीय तक्रार निवारण पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे तक्रार करता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, मात्र तिने पाठवलेल्या तक्रारीला कंपन्या पुष्कळदा लवकर उत्तर देतात.

मोबाइलच्या वादांसाठी ग्राहक न्यायालयात जाता येत नाही असे ऐकले आहे. हे खरे आहे का?

एके काळी असे मानले जात होते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटले होते की, तार अधिनियमात लवादाची तरतूद असल्याने टेलिफोन बिलाच्या वादात ग्राहक मंचाला अधिकार नाही. त्यानंतर बरीच वर्षे कंपन्या प्रत्येक तक्रारीला हा निर्णय दाखवत. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात निर्णय दिला की खासगी दूरसंचार कंपनीच्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो. आजही कुणी जुना निर्णय पुढे केला तर हा निर्णय दाखवावा.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनीचे मुख्यालय कुठेही असो. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. स्वतः बाजू मांडता येते आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. रकमेबरोबर मनस्तापाची आणि खर्चाची भरपाईही मागता येते. चाळीस रुपयांसाठी आयोगात जावे का, असा प्रश्न कुणी विचारतो तेव्हा मी आधी हिशेब करायला सांगतो. दर आठवड्याला चाळीस रुपये दोन वर्षे गेले असतील तर तो आकडा चार हजारांच्या पुढे जातो. मुंबईत १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटना तक्रार कशी मांडावी याबाबत मार्गदर्शन करतात, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक चळवळीतले जुने कार्यकर्ते आहेत. त्यांना भेटण्यात संकोच करू नये.

माझ्या यादीत कोणतीही सेवा नाही, तरी एका संदेशाचे पैसे कापले गेले. हे कसे?

सगळीच कपात फसवणूक नसते, आणि तक्रार करण्याआधी हे तपासणे न्याय्य आहे. यूपीआयचे ॲप नव्याने सुरू करताना ते तुमच्या सिमवरून पडताळणीचा संदेश पाठवते, आणि संदेशाचा पॅक नसेल तर त्याचा साधा दर लागतो. आयफोनवर आयमेसेज किंवा फेसटाइम सुरू होताना परदेशी क्रमांकावर एक संदेश परस्पर जातो आणि त्याला आंतरराष्ट्रीय दर लागू शकतो, त्यामुळे सिम बदलल्यावर किंवा नवा फोन घेतल्यावर चार-पाच रुपये गेल्यासारखे दिसतात. दिवसाला शंभर संदेशांची पॅकची मर्यादा ओलांडली तरीही आकार लागतो. हे आकार एकदाच येतात. तीच रक्कम ठरावीक दिवसांनी पुन्हा कापली जात असेल तर मात्र ती बहुधा सदस्यताच असते.

पैसे मोबाइल शिलकीतून नाही, बँक खात्यातून गेले. हेच नियम लागू होतात का?

नाही. एखाद्या ॲपची सदस्यता कार्डावरून किंवा यूपीआयच्या ऑटोपेवरून चालू असेल तर तो बँकेचा विषय होतो. अशा कपातीच्या किमान चोवीस तास आधी सूचना येणे आवश्यक आहे, आणि यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन ती परवानगी रद्द करता येते. व्यवहार तुम्ही केलेलाच नसेल तर बँकेला ताबडतोब कळवावे. तिसऱ्याच कुणाच्या कृत्यामुळे तसे घडले असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकावर भार येत नाही. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

एखादे ॲप माझ्या नकळत सेवा सुरू करू शकते का?

करू शकते. ‘जोकर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घातक ॲपांच्या कुळाने अनेक देशांत हेच केले. वॉलपेपर किंवा संदेशांच्या साध्या ॲपच्या रूपाने ती फोनमध्ये शिरत, येणारे संदेश वाचत आणि पुष्टीचा सांकेतिक अंक स्वतःच भरून सदस्यता घेत. अशी १,७०० ॲपे आपल्या दुकानातून काढल्याचे गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले होते. अँड्रॉइडमध्ये २०१२ पासून प्रीमियम संदेश पाठवण्याआधी विचारणा होते, आणि सेटिंगमधल्या विशेष परवानग्यांत कोणत्या ॲपला असा संदेश पाठवता येतो ते दिसते. टॉर्च, कीबोर्ड किंवा फोटो सजवण्याच्या ॲपला संदेश वाचण्याची परवानगी कशाला हवी, हा प्रश्न स्वतःला विचारावा आणि उत्तर नसेल तर परवानगी काढून टाकावी.

‘तुमच्या नंबरवर सेवा सुरू झाली आहे, रद्द करण्यासाठी येथे क्लिक करा’ असा संदेश आला. तो खरा आहे का?

असा दुवा उघडू नये. तो संदेश साध्या दहा अंकी क्रमांकावरून आला असेल तर तो कंपनीचा नाही असेच समजावे, कारण कंपन्यांचे संदेश अक्षरी शीर्षकाखाली येतात. सेवा खरोखर सुरू आहे का हे १५५२२३ वर विचारावे. ‘तुमचा परतावा मंजूर झाला’ असे सांगून ओटीपी मागणारा, पडदा दाखवण्याचे ॲप टाकायला लावणारा किंवा स्टार ४०१ ने सुरू होणारा क्रमांक फिरवायला सांगणारा फोन हा फसवणुकीचाच असतो. परताव्याला तुमच्या ओटीपीची गरज नसते, कारण तो तुमच्या शिलकीत किंवा पुढच्या बिलात जमा होतो. असे फोन आणि संदेश संचार साथी पोर्टलवरील चक्षू विभागात कळवता येतात.

आईवडिलांच्या फोनवर हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल?

कंपनीला लेखी कळवून त्या नंबरवरच्या सर्व मूल्यवर्धित सेवा कायमच्या रोखून ठेवाव्यात. १९०९ वर नोंदणी करून प्रचाराचे फोन आणि संदेश बंद करावेत. फोनवर इंटरनेट वापरतच नसतील तर १९२५ या क्रमांकावरून डेटा बंद करता येतो आणि त्याबरोबर तिसरा रस्ता बंद होतो. सिमकार्डाच्या मेनूत पडद्यावर उमटणारे संदेश थांबवण्याची सोय बहुधा असते, ती वापरावी. महिन्यातून एकदा, भेटीला गेल्यावर, त्यांच्याबरोबर बसून चालू सेवांची यादी पाहावी. त्यांना ओरडू नये. चूक आपली असे त्यांना एकदा वाटले की पुढच्या वेळी पैसे गेल्याचे ते सांगतच नाहीत.

कंटाळून नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेला तर तक्रारीचे काय होते?

नंबर नेण्यास हरकत नाही, पण क्रम पाहावा. प्रीपेड नंबर पोर्ट केल्यावर जुन्या कंपनीकडची शिल्लक बुडते, त्यामुळे परतावा शिलकीत जमा होणार असेल तर तो मिळाल्यावरच पोर्ट करावे किंवा तो बँक खात्यात देण्याची मागणी आधी लेखी करावी. पोस्टपेडची थकबाकी असेल तर पोर्टची विनंती नाकारली जाते, आणि नंतर बाकी निघाली तर जुन्या कंपनीच्या सांगण्यावरून नवी जोडणीही बंद पडू शकते. म्हणून वादग्रस्त रकमेचा निर्णय होईपर्यंत थांबावे, किंवा ती हरकत राखून भरावी. पोर्ट करण्यापूर्वी मागील सहा महिन्यांचा तपशीलवार हिशेब, सर्व तक्रार क्रमांक आणि ॲपमधील नोंदींची छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण जुन्या कंपनीच्या ॲपमध्ये त्यानंतर त्या नंबराने प्रवेश मिळणार नाही.